घरच्या जनावराचं मांस चांगलं निघायला काय काय लागतं: जात, खुराक, कापणी आणि त्यानंतरचे काही तास

स्वतः वाढवलेल्या जनावराचं मांस कडक निघालं, वास आला किंवा शिजून नुसता चोथा झाला की पहिला दोष जातीला जातो, मग चाऱ्याला, आणि कापताना काय झालं हे कोणी विचारतच नाही. माझं मत बरोबर उलटं आहे. जात आणि खुराक यांनी मांस जास्तीत जास्त किती चांगलं होऊ शकतं एवढंच ठरतं, त्यातलं ताटात किती पोचतं ते कापायच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस ठरवतो. आठ-दहा महिने मन लावून वाढवलेलं जनावर शेवटच्या अर्ध्या तासाच्या पळापळीत वाया घालवता येतं. त्यामुळे खाली जाती आणि चाऱ्याबद्दल लिहिलंय खरं, पण वेळ कमी असेल तर थेट शेवटच्या २४ तासांवर जा.

आधी वय बघा, जात नंतर

मांसाच्या स्नायूंना बांधून ठेवणारा एक धागा असतो, कोलॅजन. कोवळ्या जनावरात हे धागे सैल असतात आणि उष्णतेने लवकर विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. वय वाढतं तसं कोलॅजन फार वाढत नाही, पण धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि मग ते विरघळायला तासन्तास मंद आच लागते. म्हणजे म्हातारं जनावर "वाईट" नसतं, ते झटपट भाजायला घेतलं की वाईट लागतं. उलट रस्सा आणि सूप करायला मोठ्या वयाचं मांस जास्त चवीचं, कारण वयाबरोबर चवही वाढते.

म्हणून पहिली पायरी ही की मांस कशासाठी हवंय ते ठरवा. भाजायचं, तळायचं असेल तर आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेलं शेळी-मेंढीचं पिल्लू. त्यांना पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास येते, त्यामुळे दात बघून वयाचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. कोंबडीत ब्रॉयलर ५-६ आठवड्यांत तयार होतो, सावकाश वाढणाऱ्या जातींना त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ लागतो, पण पायाच्या मांसाला चावायला काहीतरी असतं आणि चवही जास्त.

जातीने नक्की काय बदलतं

तीन गोष्टी. वाढ किती वेगाने होते, चरबी कुठे साठते, आणि कापल्यानंतर मांस किती लवकर मऊ पडतं.

दुधाच्या जातींची जनावरं चरबी आत साठवतात, गुर्द्याभोवती आणि आतड्यांवर. मांसाच्या जाती ती कातडीखाली आणि स्नायूंत साठवतात. शेळ्यांचा कल मुळात आतल्या चरबीकडेच असतो, म्हणून बोकड बाहेरून सडपातळ दिसतो आणि पोट फाडल्यावर आत चरबीचा गोळा निघतो. बोअरसारख्या जातीत मांड्या आणि पाठ भरदार असते एवढा फरक. डुकरांत ड्युरॉकच्या स्नायूंत चरबीच्या बारीक रेषा छान येतात, तर पिएट्रेनला मांस भरपूर पण त्या जातीत ताण सहन न होणारा एक जीन बराच पसरलेला होता, ज्याने कापल्यानंतर मांस फिकट आणि पाणी सुटणारं निघतं. गुरांमध्ये वशिंड असलेल्या जातींचं मांस सरासरीने थोडं कडक असतं, कारण मांस मऊ करणाऱ्या एन्झाइमना अडवणारं कॅल्पास्टॅटिन नावाचं प्रोटीन त्यांच्यात जास्त असतं. आणि ब्रॉयलरमध्ये छातीचा आकार इतका वाढवत नेलाय की काही पक्ष्यांची छाती लाकडासारखी घट्ट निघते किंवा तिच्यावर पांढरे पट्टे दिसतात. तो संसर्गाचा आजार नाही, अति वेगाने वाढलेल्या स्नायूंची ती खूण आहे.

पण जातीपायी भरमसाट पैसे घालू नका असंच मी सांगेन. आपल्या हवेत न टिकणारी, सतत औषधांवर जगणारी महागडी जात, यापेक्षा तिथे रुळलेली किंवा एका बाजूने मांसाच्या नराशी संकर केलेली जात बरी. एकाच जातीतल्या दोन जनावरांमध्येही भरपूर फरक असतो.

नरांचा प्रश्न वेगळा. वयात आलेल्या बोकडाला येणारा उग्र वास चरबीतल्या आणि केसांतल्या ठरावीक आम्लांमुळे असतो, आणि न खच्ची केलेल्या डुकराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचं एक द्रव्य साठतं, ते गरम झालं की काहींना घाण वास येतो (गंमत म्हणजे काहींना अजिबात येत नाही). उपाय दोनच, लहानपणी खच्ची करा किंवा वयात यायच्या आत कापा. खच्ची केलेला जरा हळू वाढतो आणि चरबी जास्त धरतो, ते हवंय की नको हे तुम्ही ठरवा.

खुराक: काय घालताय ते चरबीत दिसतं

इथे जनावरांचे दोन गट करायचे, रवंथ करणारी आणि न करणारी. डुकरं आणि कोंबड्या खाण्यातली चरबी जवळजवळ आहे तशी अंगात साठवतात. डुकराला सोयाबीन, शेंगदाणा किंवा तेलकट कोंडा भरपूर घातला तर चरबी मऊ, ओशट होते, थंड केल्यावरही घट्ट बसत नाही आणि लवकर खवट होते. तेच बार्ली, गहू असं दिलं की चरबी पांढरी आणि टणक. माशांची कुट्टी स्वस्त प्रोटीन म्हणून घालत असाल तर कापायच्या काही आठवडे आधी बंद करा, नाहीतर कोंबडीला मासळीचा वास येणार आणि मग मसाला कितीही घाला.

शेळी, मेंढी, गाय यांच्या पोटात जंतू आधी चरबीवर काम करतात, ती घट्ट, संपृक्त बनवतात, म्हणून खाण्याचा परिणाम तितका थेट नसतो. पण चव आणि रंग बदलतोच. चरून वाढलेल्या गाईची चरबी पिवळसर असते, ते गवतातलं कॅरोटीन, त्यात वाईट काही नाही. शेळी आणि म्हैस कॅरोटीनचं व्हिटॅमिन एमध्ये रूपांतर करून टाकतात, म्हणून त्यांची चरबी हिरव्या चाऱ्यावरही पांढरीच राहते. हिरव्या चाऱ्यातून मिळणाऱ्या व्हिटॅमिन ईमुळे मांसाचा लाल रंग जास्त वेळ टिकतो आणि खवटपणा उशिरा येतो, हा चराईचा मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. कोबी-मुळ्याचा पाला, लसूण-कांद्याची पात असला उग्र चारा शेवटचे आठ-दहा दिवस नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत जनावराचं वजन घटता कामा नये. वाढत्या जनावरात स्नायू सतत तुटत आणि बनत असतात, आणि त्यांना तोडणारे एन्झाइमच कापल्यानंतर मांस मऊ करतात. उपाशी, रोडावलेल्या जनावरात हे काम थंडावतं आणि चरबीही उरत नाही. म्हणून धान्याचा भरडा द्यायचा तर शेवटच्या ६ ते ८ आठवड्यांत द्या, पण रवंथ करणाऱ्याला एकदम नाही, दोन-तीन आठवडे थोडा थोडा वाढवत न्या. एकदम पोतं उघडलं तर पोटात आम्ल वाढून जनावर आडवं होतं, आणि मग मांसाच्या प्रतीची चर्चा करायला जनावरच उरत नाही.

चरबी पुरेशी झाली का हे डोळ्यांनी कळत नाही, केसांखाली सगळीच गुबगुबीत दिसतात. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या मणक्यांवर तळहात ठेवा आणि बोटांची टोकं मणक्याच्या बाजूला निघालेल्या आडव्या हाडांच्या टोकांखाली घालून दाबा. टोकं धारदार लागली आणि बोटं सहज आत गेली तर अजून वेळ आहे. टोकं गोलसर लागली, दाबल्यावरच जाणवली, आणि वरचा स्नायू भरलेला वाटला तर तयार. काहीच लागत नसेल तर तुम्ही नुसती चरबी वाढवताय.

आणि औषधं. अँटिबायोटिक किंवा जंताचं औषध दिलं असेल तर बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते दिवस पूर्ण होईपर्यंत कापायचं नाही. इथे अंदाज चालत नाही.

शेवटचे २४ तास

जिवंत स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. जनावर मेलं की या साखरेचं लॅक्टिक ॲसिड होतं आणि मांसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ७ च्या आसपासहून साधारण ५.५ पर्यंत हळूहळू उतरतो. हा उतार नीट झाला की मांसाला चांगला रंग येतो, पाणी धरून राहतं, आणि टिकतंही.

जनावर आदल्या दिवशी खूप पळालं, भांडलं, लांबच्या प्रवासात उभं राहिलं, दीड-दोन दिवस उपाशी राहिलं, तर साखर आधीच संपलेली असते. ॲसिड तयारच होत नाही, पीएच ६ च्या वर अडकतो, आणि मांस काळपट, घट्ट, चिकट निघतं आणि लवकर खराब होतं. याच्या उलट प्रकार डुकरात जास्त दिसतो: ऐन कापायच्या वेळी घाबरलं, ओढाताण झाली तर साखर भराभर जळते, अंग अजून गरम असतानाच पीएच खाली येतो, आणि मांस फिकट, ढिलं होऊन पाणी सोडतं. भांड्यात मांस टाकल्यावर पाण्याचा तलाव होतो ना, त्याचं एक कारण हे.

मग करायचं काय, तर अगदी साधं. एक-दोन दिवस आधी जनावर कापायच्या जागेजवळ आणून ठेवा म्हणजे तिथे ते रुळतं. ओळखीचा एखादा जोडीदार सोबत राहू द्या, एकटं बांधलेलं शेळी-मेंढीचं पिल्लू रात्रभर ओरडत बसतं. अनोळखी नर एकत्र सोडू नका. कुत्री लांब ठेवा. खाणं बंद करायचं, पण पाणी शेवटपर्यंत समोर: कोंबडीला ८ ते १२ तास आधी, डुकराला १२ ते १८, शेळी-मेंढीला १२ ते २४. पोट रिकामं असलं की आतडी फुटून मांस घाण व्हायची शक्यता कमी. त्याहून जास्त उपाशी ठेवून फायदा काहीच नाही, उलट साखर संपते. आणि पकडायला पाठलाग नको. कोंबड्या रात्री अंधारात उचलून ठेवल्या की सकाळी अंगणभर धावपळ करावी लागत नाही. पायाला धरून फरफटत नेलं किंवा लोकर ओढली तर कातडीखाली रक्त साकळतं, सोललं की ते काळे डाग दिसतात.

कापणं आणि रक्त निथळणं

कायदा आणि जागा, कोण कापू शकतं, बेशुद्ध करायची सक्ती आहे का, हे जिथे राहता तिथलं आधी तपासा. हात बसलेला नसेल तर जाणकाराला बोलवा, जनावरावर शिकू नका.

सुरी लांब आणि अशी धारदार हवी की एका फटक्यात गळ्याच्या दोन्ही बाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. जनावराच्या अंगात रक्त वजनाच्या ७ ते ८ टक्के असतं आणि नीट कापलं तरी त्यातलं साधारण निम्मंच बाहेर येतं, उरलेलं मुख्यतः आतल्या अवयवांत राहतं. मागच्या पायांनी टांगून डोकं खाली ठेवलं की निथळायला सोपं. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावल्यावर पापणी हलत नाही आणि श्वास पूर्ण थांबलाय याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, ही सगळ्यात आधी दयेची गोष्ट आहे, मांसाचा विचार त्यानंतर.

कोंबडीची पिसं काढायला पाण्याचं तापमान मोजा, थर्मामीटर स्वस्त असतो. ५० ते ५३ अंशाला दोन-तीन मिनिटं बुडवलं तर कातडीचा वरचा पातळ थर टिकतो. ६० च्या आसपास पिसं झटकन निघतात पण तो थर जातो आणि कातडी उघडी पडून सुकते. उकळतं पाणी घेतलंत तर छातीचं मांस तिथेच शिजायला लागतं.

सोलणं

"मटणाला वास येतो" ही तक्रार बऱ्याचदा इथे तयार होते. केसांवरचा स्निग्ध पदार्थ, लेंड्या, मूत यांचा मांसाला स्पर्श झाला की वास बसतो आणि जंतूही. एक हात कातड्याचा, एक हात मांसाचा, आणि दोघांची अदलाबदल नाही. सुरीने फक्त सुरुवातीच्या चिरा द्या, तीही आतून बाहेर, म्हणजे केस कापले जाऊन मांसावर पडत नाहीत. मग सुरी ठेवून द्या आणि मूठ वापरा: कातडं एका हाताने ताणून धरायचं, दुसरी मूठ कातडं आणि मांस यांच्या मधे घालून पोटाकडून पाठीकडे सरकवत न्यायची. अंग गरम असताना चर्रर्र आवाज करत कातडं सुटत जातं आणि मांसावरचा चकचकीत पापुद्रा अखंड राहतो. हा पापुद्रा जपा, सुकल्यावर तोच मांसाचं रक्षण करतो.

पोट फाडायच्या आधी वरून अन्ननलिका आणि खालून गुदद्वार मोकळं करून दोरीने बांधा. पित्ताची पिशवी आणि मूत्राशय न फोडता काढा. आतडी अर्ध्या तासाच्या आत बाहेर आली पाहिजेत. कलेजी आणि फुप्फुसं उजेडात धरून बघा: पू, गाठी, पाणी भरलेल्या पिशव्या दिसल्या तर तो अवयव फेकायचा आणि शंका असेल तर पशुवैद्याला दाखवायचं. त्या पाण्याच्या पिशव्या कुत्र्याला चुकूनही घालू नका, तो हायडॅटिडचा किडा असू शकतो, कुत्र्यात वाढतो आणि तिथून माणसाला होतो.

शेवटी पूर्ण धड बादलीभर पाण्याने धुऊ नका. डाग असेल तेवढा भाग सुरीने छाटून टाका. ओल्या मांसावर जंतू जोरात वाढतात, कोरड्यावर नाही.

थंड करायची घाई आणि उशीर, दोन्ही महागात

मेल्यानंतर काही तासांत अंग ताठरतं. कोंबडीत हे लवकर होतं आणि काही तासांत ओसरायला लागतं, शेळी-मेंढीत अर्धा-एक दिवस जातो, मोठ्या जनावरात त्याहून जास्त. या ताठरलेल्या अवस्थेत तुकडे करून शिजवलेलं मांस सगळ्यात कडक. एक तर ताठरायच्या आधी लगेच शिजवा, ते चालून जातं, नाहीतर ताठरणं ओसरू द्या. मधला वेळ नको. ओळखायचं कसं, तर टांगलेल्या धडाचा पुढचा पाय हातात धरून वाकवून बघा: काठीसारखा अडला तर थांबा, सैल हलला तर चला.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. शेळी-मेंढीचं धड लहान, वर चरबी पातळ, त्यामुळे थंडीत टाकलं की झटकन गार होतं. पहिल्या दहा तासांच्या आत, पीएच उतरायच्या आधी, मांस १० अंशांच्या खाली गेलं तर स्नायू आक्रसतात आणि नंतर कितीही दिवस ठेवा, तो कडकपणा जात नाही. त्याच्याही पुढे, कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये टाकलेलं मांस वितळताना आक्रसतं आणि भरपूर पाणी सोडतं. म्हणून शीतगृह असेल तर पहिले काही तास १२-१५ अंशांच्या आसपास ठेवून मग ० ते ४ अंशांवर न्या. शीतगृह नसेल तर हवा किती गरम आहे ते बघा. थंड, वाहत्या हवेत, माशा न बसतील असं काही तास टांगून मग फ्रिजमध्ये. पण उन्हाळा असेल तर मऊपणाचा विचार सोडा आणि आधी गार करा, फक्त हाडासकट मोठे भाग करून ठेवा. स्नायू हाडाला बांधलेला असला की आक्रसायला कमी वाव मिळतो.

टांगताना घोट्याच्या शिरेऐवजी कंबरेच्या हाडात आकडा अडकवला तर मागचा पाय खाली लोंबतो, पाठीचे आणि मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ताठरतात आणि चांगले मऊ राहतात. फुकटची युक्ती आहे. दिसायला धड विचित्र दिसतं एवढंच.

मग एजिंग, म्हणजे मांस थंडीत काही दिवस मुरू देणं. ० ते ४ अंशांवर मांसातलेच एन्झाइम धागे सैल करतात. कोंबडीला एक रात्र बास, शेळी-मेंढीला २ ते ५ दिवस, डुकराला २-३, मोठ्या जनावराला १० ते १४. चरबी पातळ असलेलं धड जास्त दिवस उघडं ठेवलं तर नुसतं वाळतं, तेव्हा पहिल्या दिवशी वरचा भाग कोरडा झाला की सैल कापड टाका.

तुकडे आणि साठवण

पूर्ण जनावराचे एकसारखे तुकडे करून सगळे एकत्र कालवायचे, हे मला अजिबात पटत नाही. पाठीचा स्नायू जिवंतपणी फार कष्ट करत नाही म्हणून तो मऊ, लवकर शिजणारा. मान, दस्त (पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग) आणि नळ्या सतत राबतात, तिथे कोलॅजन भरपूर. एकाच भांड्यात घातले की चापांचा (पाठीच्या बरगडीसकट तुकड्यांचा) चोथा होईपर्यंत मान कच्चीच असते. चाप, मांडी, दस्त, सीना (छातीचा भाग), मान वेगवेगळं ठेवा. मांडीतले स्नायू मधल्या पापुद्र्यावरून सुरीच्या टोकाने सोडवले तर अख्खे सुटतात. सत्तूर हाडावर बोथट पडला की हाडाचे कण मांसात उडतात, तिथे करवत बरी. बिनहाडाचे तुकडे मांसाच्या रेषांना आडवे कापा, लांब धागे तिथेच तुटतात.

फ्रीझरमध्ये एजिंग झाल्यावरच, पातळ सपाट पाकिटं करून, आतली हवा काढून, उणे १८ अंशांवर. जाड गोळा मधे उशिरा गोठतो, बर्फाचे मोठे खडे होतात आणि वितळल्यावर रस वाहून जातो. डुकराची आणि कोंबडीची चरबी लवकर खवट होते, तेव्हा ती पाकिटं आधी संपवा. वितळवायचं रात्रभर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. आणि पाकिटावर तारखेसोबत भाग, जनावराचं वय आणि शेवटचा खुराक एवढं लिहून ठेवा, पुढचं पिल्लू निवडताना त्याचाच उपयोग होतो.